निंदणात सापडलेलं पिलू

आमच्या घरी दारात आलेल्याला आधी पाणी आणि लगेच 'काही खाल्लं का' असं विचारायची पद्धत आहे. मग तो संत्र्याचा सौदा करायला आलेला व्यापारी असो की विजेचं मीटर वाचायला आलेला पोरगा. सासूबाईंना तर समोरचा माणूस जेवल्याशिवाय त्याच्याशी नीट बोलताच येत नाही. अशा घरात श्रावणात सशाचं एक पिलू आलं. त्याला जगवायचं म्हणजे कमी पाजायचं, हात लावायचा नाही, त्याच्याजवळ बोलायचं नाही आणि कौतुक तर मुळीच करायचं नाही. यातलं एकही आमच्या घराला जमण्यासारखं नव्हतं.

आमचं वावर मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याहून वरुडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. अर्ध्यात संत्र्याचा बगीचा, अर्ध्यात कपाशी आणि मधे तुरीच्या ओळी. नागपंचमीला वावरात अवजार लावत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी निंदणाला बायका जरा जास्त आल्या होत्या. दुपारच्या भाकरीच्या वेळी त्यातली एक पदराची घडी सांभाळत घराकडे आली.

"बाई, पाह्यना, किती साजरं हाय. माय कुठं दिसून नाई राह्यली त्याची."

मुठीत मावेल एवढं पिलू. अंगभर मातकट करडे केस, डोळे टक्क उघडे, कान पाठीला चिकटवलेले. पदरात जसं ठेवलं होतं तसंच बसलेलं. ओरडणं नाही, धडपड नाही. श्वासाने हलणाऱ्या बरगड्या सोडल्या तर ते जिवंत असल्याची खूण नव्हती. माझी पुतणी म्हणाली, डोळे उघडलेत म्हणजे मोठं झालंय, आता घास खात असेल. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण त्या क्षणी मलाही तेच वाटलं. बाजारात पिंजऱ्यात विकायला असतात ते पांढरे ससे मूळचे युरोपातल्या बिळात राहणाऱ्या जातीचे. त्यांची पिल्लं उघडी, डोळे मिटलेली जन्मतात. आपल्या रानातला ससा वेगळा. तो बीळ खणत नाही. मादी गवतात किंवा पिकाच्या बुडाशी अंगाच्या मापाचा खळगा करते, तिथेच विते, आणि पिलू केस, डोळे, पाय सगळं घेऊनच बाहेर येतं. त्यामुळे कालचं पिलूसुद्धा आपल्याला जाणतं वाटतं. गोदावरीच्या दक्षिणेकडच्या सशांच्या मानेवर काळा डाग असतो, आमच्याकडच्यांची शेपटी वरून तांबूस असते. या पिलाची शेपटी पाहायला त्याला उलटं करावं लागलं असतं, म्हणून ते राहूनच गेलं.

रोही आणि रानडुकरांनी केलेल्या नुकसानीचे अर्ज भरून भरून जंगल खात्याच्या नाकेदाराचा नंबर आमच्या घरात सगळ्यांकडे असतो. त्याला फोन केला. ऐकून घेतल्यावर पहिलं वाक्य त्याने हे सांगितलं, की मॅडम, जिथून उचललं तिथंच नेऊन ठेवा. सशीण पिलाजवळ बसून राहत नाही. दिवसभर ती मुद्दाम लांब असते. पिलाच्या अंगाला वास जवळपास नसतोच, ते गप्प बसलं की कोल्हा शेजारून गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. आई जवळ असली तर तिच्या वासावर कोल्हा येणार. अंधार पडल्यावर ती एकदाच येते, चारपाच मिनिटं पाजते आणि निघून जाते. चोवीस तासांत तेवढंच.

सासूबाईंना हे पटेना. "मानसाचा हात लागला त्याले. आता माय घेईन का?"

हा समज आमच्याकडे चिमणीच्या पिलापासून वासरापर्यंत सगळ्यांना लावला जातो. नाकेदार फोनवर हसला. घेते, म्हणाला, फक्त कुत्री बांधून ठेवा आणि तिथं उभे राहू नका.

जिने आणलं तिला नेमकी जागा आठवत होती. तुरीच्या तिसऱ्या ओळीपलीकडे, पऱ्हाटीच्या बुडाशी. दिवेलागणीला पिलू तिथे ठेवलं. माझे यजमान पार बगीच्याच्या टोकाला मचाणावर जाऊन बसले, टॉर्च बंद ठेवून. रात्री रिमझिम होती. त्यांना काही दिसलं नाही, दिसायची अपेक्षाही नव्हती. सकाळी पिलू त्याच खळग्यात होतं, अंगाने गार आणि पोटाने खपाटीला गेलेलं. धुऱ्यावरच्या बोरीखाली केसांचे पुंजके आणि मागचा एक लांब पाय पडलेला होता. कुत्र्यांचं काम. वाट पाहायला आता कोणी उरलं नव्हतं.

घरात आणल्याबरोबर सासूबाई वाटी घेऊन उभ्या. गाईचं दूध, वर थोडी साखर. मी पांढुर्ण्याच्या पशुचिकित्सालयातल्या डॉक्टरांना फोन लावला, तर ते म्हणाले, आधी ऊब. गार पडलेल्या पिलाच्या पोटात दूध गेलं तर ते पचत नाही, तिथेच नासतं. आधी अंग कोमट होऊ द्या, मग पाजायचं बघा. संत्र्याचं प्लास्टिकचं कॅरेट घेतलं, त्याची भोकं आतून पुठ्ठ्याने बंद केली, तळाला पोतं आणि वर वाळलं गवत घातलं. सलाइनच्या रिकाम्या बाटलीत गरम पाणी भरून ती जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली आणि एका बाजूला ठेवली. एकाच बाजूला, म्हणजे पिलाला जास्त गरम झालं तर दुसरीकडे सरकता आलं पाहिजे. वर चादर टाकून अंधार केला. तासाभराने पिलाचे कान उभे राहिले. तोवर वाटीतलं दूध सासूबाईंनी मांजरीला घातलं होतं, तेही मला ऐकवून.

दुधाचा प्रश्न डॉक्टरांनी शाळेतल्यासारखा समजावून सांगितला. सशीण दिवसातून एकदा पाजते, म्हणजे तिचं दूध किती घट्ट असलं पाहिजे याचा हिशोब करा. गाईच्या दुधात साडेतीन-चार टक्के स्निग्धांश. सशिणीच्या दुधात त्याच्या चारपाच पट, प्रथिनंही भरपूर आणि दुधातली साखर मात्र अगदी थोडी. गाईचं दूध या पिलाला एकीकडे पाणचट पडतं आणि दुसरीकडे त्यातल्या साखरेने पोट बिघडतं. वर आपण आणखी साखर घालतो. पहिले दोन दिवस शेजारच्या गोठ्यातून शेळीचं दूध आणलं. तेही बरोबरीचं नाहीच, पण निभावलं. मग नागपूरहून मांजरीच्या पिल्लांना पाजायची दुधाची पावडर मागवली. ती सशाची नसली तरी त्यातल्या त्यात जवळची.

किती पाजायचं हे वजनावर ठरतं. पुतणी केक करते, तिचा इलेक्ट्रॉनिक काटा कामाला आला. सव्वाशे ग्रॅमच्या जरा खाली. शंभर ग्रॅम वजनाला दिवसभरात दहा-बारा मिली, ते दोन-तीन वेळांत वाटून, यापेक्षा थेंब जास्त नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दहा-बारा मिली म्हणजे दोन चहाचे चमचे. सासूबाई त्या आकड्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी सरकारी योजनेतलं अनुदान वाचून दाखवतेय.

पाजायची रीत मात्र शिकायलाच लागते. दोन मिलीची सिरिंज, सुई काढून टाकलेली, उकळून घेतलेली. मनगटावर थेंब टाकून कोमटपणा बघायचा. पिलाला बाळासारखं उताणं धरायचं नाही. तसं धरलं की दूध श्वासनळीत जातं आणि दोन दिवसांत न्यूमोनियाने पिलू जातं. हाताने वाढवलेली पिल्लं जास्त करून अशीच दगावतात. पोटावर, चार पायांवर बसवायचं, डोकं जरासं वर. सिरिंज तोंडात खुपसायची नाही. ओठांच्या कडेला एक थेंब ठेवायचा आणि थांबायचं. जीभ बाहेर येते, थेंब चाटला जातो, मग दुसरा. नाकावर बुडबुडा दिसला की लगेच थांबून डोकं खाली करायचं. दोन मिली दूध द्यायला कधी कधी पंधरावीस मिनिटं लागत. मी सकाळी शाळेला जायच्या आधी आणि अंधार पडल्यावर, असं दोनदा पाजायचे. दुपारचं पुतणी बघायची. संध्याकाळी पिलू आपोआप जास्त जागं असायचं. त्याच्या रक्तात ती वेळ असावी.

पाजून झालं की कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने शेपटीखाली हळू पुसायचं. हे काम आई जिभेने करते. त्याशिवाय लहान पिल्लाला लघवी मोकळी होत नाही. घरातल्या पुरुषांनी या कामातून अंग काढून घेतलं, ते अपेक्षितच होतं.

सारं नीट चाललेलं असताना एका दुपारी मी शाळेतून आले तर पिलू कोपऱ्यात दबून बसलेलं, पोट टमटमीत, दात कराकर वाजवतंय. सशाने दात असे वाजवले म्हणजे त्याला दुखतंय. पुतणी खाली मान घालून उभी. तिच्या हातची सिरिंज सासूबाईंनी घेतली होती. दोन चमच्यांनी कोणाचं पोट भरतं का, म्हणून त्यांनी गाईचं गोड दूध भरपूर पाजलं होतं. पिलानेही ते मटामटा प्यायलं. हीच तर अडचण असते. भुकेलं पिलू आपणहून थांबत नाही.

डॉक्टरांनी दूध बंद करायला लावलं. नुसतं कोमट साखर-मिठाचं पाणी, तेही थेंबाथेंबाने, आणि बोटाच्या टोकाने पोट हळू चोळायचं. यजमान तोवर मेडिकलमधून लेकरांना देतात ते अँटिबायोटिकचं गुलाबी औषध घेऊन आले. डॉक्टर फोनवर पहिल्यांदाच ओरडले. सशाचं सगळं पचन मागच्या आतड्यातल्या जिवाणूंवर चालतं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिनसारखी पोटातून दिलेली औषधं त्या जिवाणूंचाच सफाया करतात, मग विषारी जिवाणू माजतात आणि ससा जातो. माणसाच्या लेकराला जे औषध बिनधास्त देतो ते सशाला मारतं. बाटली न फोडताच परत गेली.

रात्रभर पोट चोळलं. पहाटे लेंड्या पडल्या. मऊ आणि घाण वासाच्या, पण पडल्या. मी जितकी आनंदले तितकी कुठल्याही विद्यार्थ्याच्या निकालाने आनंदलेली नाही, हे शाळेत सांगण्यासारखं नाही.

सासूबाई पुढे दोन दिवस कॅरेटच्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. कोणी त्यांना एक शब्द बोललं नव्हतं, मीही नाही. तिसऱ्या दिवशी त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायला लागल्या. "बोलू नोका. टीवी कमी करा. त्याले भेव वाटते." शेजारची पोट्टी मोबाइल घेऊन रील काढायला आली, त्यांना त्यांनी जिन्यातूनच परत पाठवलं. मला ते फार सोयीचं झालं. सशाला भीतीनेच मरण येऊ शकतं. धरलं, उचललं, चारजणांनी वाकून पाहिलं की ते शांत बसतं आणि लोकांना वाटतं माणसाळलं. ते शांत बसणं म्हणजे भीतीने गोठणं असतं. शिवाय रानातला ससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पाळता येत नाही, विकता येत नाही, आणि रीलवर मिरवला तर उद्या चौकशीला दारात गाडी येते. नाकेदाराने पहिल्याच दिवशी डिप्टी रेंजरला कळवलं होतं, कागदावर नोंद झाली होती, म्हणून आम्ही निश्चिंत.

नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांवर उपचार करणारं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. तिकडे नेता येईल का, असं मी विचारलं होतं. नागपूर आम्हाला मुंबई-भोपाळपेक्षा कितीतरी जवळ. दवाखाना, लग्नाचा बस्ता, संत्र्याची मंडी सगळं नागपूर. पण सशाला ती मुभा नाही. राज्याची हद्द ओलांडून वन्यप्राणी न्यायचा तर वरून लेखी परवानगी लागते. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, कलेक्टर जवळ आले. पण या कामाला त्याचा उपयोग नव्हता. डिप्टी रेंजरचं मत पडलं की तुम्ही नीट करताय, तिथेच राहू द्या, चरायला लागलं की सोडू.

घरात ससा वाढवणारे आम्ही काही पहिले नव्हतो. इंग्रज कवी विल्यम कूपर याने 1774 पासून तीन ससे पाळले होते. मन फार खचलेल्या काळात शेजाऱ्यांनी त्याला एक पिलू दिलं, मग आणखी आली. पस, टायनी आणि बेस अशी नावं त्याने ठेवली आणि तिघंही नर निघाले. 1784 साली त्याने 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्यांच्याविषयी सविस्तर पत्र लिहिलं. त्यातला पस मांडीवर येऊन बसायचा, आणि टायनी शेवटपर्यंत हात लावला की पुढच्या पायांनी फटके मारायचा, चावायचा. ते वाचलं तेव्हा मला टायनीबद्दल जास्त आपुलकी वाटली. आमच्या पिलाला आम्ही नाव ठेवलं नाही. पुतणीचा हट्ट होता, सासूबाईंनीच मोडून काढला. "नाव ठेवलं की हाका मारसान."

पोळ्याच्या सुमारास त्याने पाती कुरतडायला सुरुवात केली. धुऱ्यावरची हराळी आणून धुऊन, पाणी निथळून कॅरेटमध्ये ठेवायची. कोबी नाही, गाजर नाही, पोळीचा तुकडा तर नाहीच. हळूहळू लेंड्या कडक, गोल आणि कोरड्या झाल्या. पहाटे ते वाकून स्वतःच्याच मऊ लेंड्या खायचं. पुतणी किळसली, पण तोही सशाच्या पचनाचाच भाग. एकदा पोटातून गेलेलं गवत दुसऱ्यांदा आत गेल्यावरच त्यातलं सत्त्व अंगी लागतं. वजन वाढत गेलं तसं दूध तीनदाचं एकदा केलं, अंधार पडल्यावरचं तेवढं ठेवलं.

पोळ्याला बैल दारात पूजेला आले, ढोल वाजला, दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीत पळसाचं झाड उभं राहतं आणि पांढुर्णा-सावरगावच्या मधे दगड सुरू होतात. त्या दिवशी गावात जाऊन काही आणायचा विचार कोणी करत नाही, म्हणून पावडर आधीच आणून ठेवली होती. ढोलांच्या आवाजाने पिलू कॅरेटमधून उडी मारून निघालं आणि कोठीत कुटाराच्या पोत्यांमागे शिरलं. पुन्हा पकडायचं नाही असं ठरवलं. कोठीचं दार लावलं, हराळीचा भारा आणि पाण्याचं पसरट भांडं ठेवलं. दूध मी बशीत ठेवून बाहेर यायचे. सकाळी बशी कोरडी असायची. आत गेलं की मागच्या पायांची दणदण ऐकू यायची, दिसायचं काहीच नाही. चार आठवडे हाताने पाजलेलं जनावर मला घुसखोर समजत होतं. मनात थोडं खट्टू वाटलं हे खरं, पण डॉक्टर म्हणाले, याच्यापेक्षा चांगली बातमी नाही.

महालक्ष्म्या उठल्यावर नाकेदार आला. बशीतलं दूध तोवर बंद केलं होतं. पंचनाम्याच्या कागदावर त्याने हिंदीत 'खरगोश, एक, स्वस्थ' लिहिलं आणि यजमानांची सही घेतली. सोडायची जागा त्याने निवडली. आमचं वावर नाही, तिथे कुत्री फार. नाल्यापलीकडे पडीक जमीन आहे, गवत कमरेइतकं, मधे बोरी आणि पळस. सूर्य मावळल्यावर कोठीतून जाळीने अलगद धरून कापडी पिशवीत घातलं. गवतात पिशवी आडवी ठेवून तोंड सोडलं. थोडा वेळ काही नाही. मग एकदम पिशवी रिकामी. कुठल्या बाजूला गेलं यावरून यजमान आणि नाकेदार यांचं अजून एकमत नाही.

यानंतर महिन्याभराने सौंसरकडून नंदेच्या यजमानांचा फोन. त्यांच्याकडे सोयाबीन काढायला हार्वेस्टर लावलं होतं आणि चालकाला समोर दोन पिल्लं दिसली. "वहिनी, तुमच्याकडे आणून देऊ का? तुम्हाले येते म्हणतात." मी म्हटलं, हात लावू नका, तेवढा पट्टा सोडा, बाकीचं काढून घ्या आणि रात्री कोणी जाऊ नका. ते चिडले. हार्वेस्टरचं भाडं तासावर, आभाळ आलेलं, आणि एका पट्ट्यासाठी मशीन परत कोण आणणार. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि जावयाला दुधाच्या टक्क्यांपासून सगळं ऐकवलं, सिरिंज कशी धरायची इथपर्यंत. तिकडून बराच वेळ फक्त 'हो आत्याबाई, हो आत्याबाई' एवढंच येत होतं. पट्टा सोडला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं तिथे नव्हती. आईने हलवली, स्वतः पांगली की कोल्ह्याने नेली, सांगता येत नाही. पट्टा त्यांनी दोन बाया लावून विळ्याने कापून घेतला आणि त्यांची मजुरी संत्र्याच्या हंगामात आमच्याकडून एक कॅरेट जास्त घेऊन वसूल केली.